अकरावी सही

थोरल्याचं हे नेहमीचंच. बाहेर काही चुकीचं करून आला की ताटात तोंड खुपसून बसायचं आणि आईने दोनदा खडसावल्याशिवाय बोलायचं नाही.

शेवटी तो बोलला. शिलाईच्या कारखान्यात शर्टांचा अख्खा गठ्ठा जळाला होता. चूक इस्त्रीवालीची, असा कागद सुपरवायझरने लिहिला, खाली अकरा कारागिरांनी सह्या केल्या, आणि पदरी दोन पोरं असलेल्या त्या बाईला संध्याकाळी घरी बसवलं.

"अरे, पण बटण बंद केलं तरी ती इस्त्री तापतच राहते, असं तूच सांगत होतास ना परवा?"

"होतो सांगत. पण दहा जणांनी मुकाट सही केल्यावर मी एकटा काय आडवा पडू? मेंढरं आहेत गं ती सगळी! माझं तसं नाही." त्याने आपला फोन तिच्यापुढे धरला. पडद्यावर डरकाळी फोडणारा वाघ होता. "खाली काय लिहिलंय, माहितीये? मी कळपात चालत नाही."

नात वाकून बघायला लागली. "आजी, हाच वाघ बाबांच्या ग्रुपवर अकराही जणांनी लावलाय. सुपरवायझरकाकांनी सगळ्यांना पाठवला होता."

आईने फोन पालथा घातला.



"मेंढरांना नावं ठेवू नकोस, मेल्या. त्यांना वाचता येत नाही. तू कागद वाचून सही केलीस."