माणूस बसल्याबिगर

रिकाम्या सीटवरही बेल्टची घंटी वाजते, अशा तक्रारी झाल्या आणि कंपनीनं गाड्या परत बोलावल्या. विल्यममामा दौंडहून आपली गाडी घेऊन शिक्रापूरला गेले.

"पुढच्या दोन्ही सीटचे सेन्सर नवे घातलेत, मामा," मेकॅनिक म्हणाला. "आता माणूस बसल्याबिगर घंटी वाजायची न्हाई. आन् बसलेल्यानं बेल्ट लावला न्हाई, तर वाजल्याबिगर ऱ्हायची न्हाई."

परतताना न्हावऱ्याच्या पुढं घंटी वाजू लागली. शेजारची सीट रिकामी होती. मामांना ना भीती वाटली, ना नवल. त्यांनी हात लांबवून तिथला पट्टा ओढला, बकलात अडकवला. घंटी थांबली.

हेलनमामींनी हे कधी करू दिलं नव्हतं. चर्चला जायची इस्त्रीची साडी चुरगळते म्हणून त्या पट्टा पाठीमागूनच अडकवायच्या. गेल्या हंगामात पाटसला मामांच्या हातून गाडी उसाच्या ट्रॉलीवर आदळली, तेव्हाही तो पाठीमागंच होता.

पाटस आलं. का कोण जाणे, चालत्या गाडीत मामांनी स्वतःचा पट्टा सोडला.

घंटी वाजली नाही.

मामा जरा सावरून, सीटवर चांगला भार देऊन बसले. वाट बघत राहिले.