बर्फाचे टायर

“गाडी किस मुल्क जा रही है, अंकल?” टायरवाल्या अक्रमने विचारलं.

“खलिफा सिटी,” हेन्री म्हणाला.

म्हणजे इथून वीस मिनिटांवर. अक्रम हसला. मग त्याचं लक्ष हेन्रीच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्या मुलीकडे, जेनिसकडे गेलं आणि त्याने हसू आवरलं.

आखाती देशातल्या मुसफ्फातलं टायरचं दुकान, ऑगस्टची दुपार. हेन्रीची लांबरुंद सेडान पत्र्याच्या सावलीत उभी होती. अक्रम समजावत होता की बर्फाचे टायर बाहेरदेशी जाणाऱ्या गाड्यांसाठी येतात, रशियाला, कझाकस्तानला. इथल्या डांबरावर ते खोडरबरासारखे झिजतील. शिवाय अंकलच्या गाडीला आत्ता आहेत ते टायर एकदम फर्स्ट क्लास आहेत. हेन्रीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, एवढ्या जड गाडीला यातले कोणते चालतील?

आतून दोन प्रकार निघाले. एकाच्या रबरात बारीक लोखंडी खिळे बसवलेले होते. ते हेन्रीने बाजूला सारले. खिळे नुसत्या बर्फावर ठीक, शहरात रस्ता मधूनच कोरडा लागतो, असं त्याने अक्रमलाच सांगितलं. आयुष्यात त्याने बर्फ पाहिला तो फ्रीजरमधला. पण जानेवारीपासून तो दुसरं काही वाचतच नव्हता.

दुसऱ्या टायरच्या कडेवर डोंगर आणि त्याच्या आत हिमकण, अशी खूण होती. हेन्रीने अंगठ्याने रबर दाबून पाहिलं. मऊ होतं. वजन पेलेल का, म्हणून त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा अक्रमने मान हलवली.

जेनिसच्या फोनवर मम्मीचा मेसेज आला होता. घेऊ देऊ नकोस त्याला.

“डॅडी, चल ना घरी. प्लीज. मम्मी वाट बघतेय.”

“झालंच,” म्हणत हेन्री खाली वाकला आणि टायरच्या कडेवर बोट फिरवत चार आकडे शोधू लागला. इथे सगळेच आधी ते शोधतात. कोणत्या वर्षी बनला, कितव्या आठवड्यात. जुनं रबर उन्हात भर रस्त्यात फाटतं. कार्लने कॅनडात जुनी गाडी घेतली तेव्हाही हेन्रीने मुलाला व्हिडिओ कॉलवर एकेका चाकापाशी बसवून ते आकडे वाचून घेतले होते. नवेकोरे आहेत, घेऊन टाक, म्हणाला होता. ते उन्हाळ्याचे टायर होते. जानेवारीत, एका बर्फाळ उतारावर, कार्लची गाडी थांबली नाही.

हेन्रीचं बोट आकड्यांवर अडलं.

“तारीख विचारली गं मी त्याला,” तो म्हणाला. “फक्त तारीखच विचारली.”

“आपल्यात कुणाला माहीत होतं, डॅडी? आपण इथली माणसं.”

तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि चारही चाकांना हेच बसवायला सांगितलं.

“अंकल, एक गर्मी भी नहीं निकालेंगे ये,” अक्रम म्हणाला.

“एक दिन चले तो बस है.”

अक्रमने पुन्हा जेनिसकडे पाहिलं. ती गाडीकडे बघत होती. त्याने जॅक ओढून आणला.

परतताना चावी हेन्रीने तिच्या हातात दिली नाही. स्वतः बसला. रस्ता रुंद होता, पांढरा पडेपर्यंत तापलेला. थोड्या वेळाने एसीमधूनही रबराचा वास येऊ लागला. पुढचा सिग्नल लांबूनच लाल दिसत होता. हेन्रीने खूप आधी, खूप हळू ब्रेक दाबायला सुरुवात केली. चाकांखाली काहीतरी निसरडं असावं तसा. मागच्या ट्रकने हॉर्न मारला.

गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या बरीच अलीकडे उभी राहिली.

“थांबली,” हेन्री म्हणाला.

जेनिसने त्याच्या हातावर हात ठेवला. एवढ्या उन्हात हेन्रीचा हात गार होता.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न देत, वळसा घालून पुढे निघून जाऊ लागल्या. हेन्रीने ब्रेकवरचा पाय काढला नाही.