घरच्या वाटणीचा मासा

दुपारी तीनपर्यंत या खाडीत जन्मलेले दहा मासे दाखवायचे होते, नाहीतर उद्या खाडीचं तोंड भराव घालून बुजवणार होते. चांगुणा कोळीण सकाळपासून जेटीवर येरझाऱ्या घालत होती. विक्रीच्या प्रत्येक माशाच्या डोक्यातला, कानाजवळचा खडा यंत्रात जात होता आणि यंत्र जन्मगाव सांगत होतं. वेरावळ. कारवार. पुन्हा वेरावळ.

"दहा वर्षांत इथला एकही नाही, मावशी," तपासनीस केळुसकर म्हणाले. "आणि हातात काय घासताय सारखं?"

"परवाच्या ढोमीच्या डोक्यातले खडे. कालवणातले. चाळा आपला."

केळुसकरांनी त्यातला एक यंत्रात टाकला. पडद्यावर याच खाडीचं नाव आलं.

"ही ढोमी तपासायला का आणली नाही?"

"बारकी मासळी घरच्या वाटणीला जाते. ती कोण आणतंय इथे?" बोलता बोलता चांगुणा थांबली. घड्याळात दीड वाजला होता. कोळीवाड्यात घरोघरी जेवणं उरकत आली असणार.

"मुंडकी टाकू नका गो!" ओरडत ती धावत सुटली.

पहिल्याच ओट्यावर मांजर मुंडकं चघळत बसलं होतं. चांगुणाने त्याच्यावर झडप घातली.