लालभडक कल्ले

एकोणनव्वद साली खाडीकाठच्या रंगाच्या कारखान्याने रात्रपाळी सुरू केली आणि नाल्यातून येणारं लाल पाणी भरतीलाही निवळेनासं झालं. त्या पाण्यात पोट वर करून तरंगणारा भलामोठा जिताडा गुणाजीने उचलला आणि बायकोच्या, शेवंतीच्या टोपलीत टाकला. "मेला तर मेला! बाजारात कोन इचारतंय?"

डोंबिवलीच्या बाजारात बसल्याबसल्या तिने तो मासा गोणपाटाखाली दडवला. पण एका बाईची नजर नेमकी तिथेच गेली. बाईने गोणपाट सारलं, सराईतासारखा कल्ला उघडून पाहिला. आत लालभडक!

"अगदी ताजा आहे गं! हाच दे."

"ताई, तो नका घेऊ. ती लाली माशाची नाय, रंगाच्या कारखान्याच्या पाण्याची हाय. हात लावायची पण किळस येते बघा."

"काहीतरीच! दुसऱ्या गिऱ्हाईकासाठी लपवलायस, कळतं मला. अगं, त्या कारखान्यात आमचे हेच मॅनेजर आहेत. पाणी स्वच्छ करूनच सोडतात. यंदा माल दुप्पट निघाला, म्हणून तर आज साहेब लोक जेवायला आहेत घरी." बाईने पर्स उघडली. "बोल, किती देऊ?"

जिताडा उचलून शेवंतीने बाईच्या पिशवीत घातला आणि हात लुगड्याला खसाखसा पुसले.



"पैसे कसले घेऊ, ताई? तुमच्याच घरचा माल हाय."