बारा वह्या

१९८७ सालचा ऑक्टोबर. ऑरेगनमध्ये, बीव्हर्टनच्या एका संगणक कंपनीत सकाळचे साडेदहा वाजले होते आणि पडद्यावरचा आकडा खाली येत होता.

"आठ प्रोसेसर लावले तर सेकंदाला सहाशे कामं. बारा लावले तर पाचशे दहा," विभागप्रमुख वॉल्ट म्हणाला. "दोन वाजता टेलिफोनवाले यंत्र बघायला येणार. चार जास्तीचे बैल जुंपून गाडी हळू का चालते, काय सांगू त्यांना? बैल रुसलेत?"

तो जीनकडे वळला.

"कामं वाटून देणारा कोड तुझा आहे, जीन. चूक कोणाची, वरच्यांना एक नाव हवंय. मी तुझं देणार."

"तीनदा तपासला मी. लॉर्नाचे आकडे बघ ना. माझ्याकडे काहीच अडत नाही."

"मग अडतंय कुठे?"

"ते आकड्यांत दिसत नाही."

लॉर्ना शेजारच्याच टेबलाशी आपले आकडे पुन्हा बघत होती. यंत्र किती कामं करतं, कुठे थांबतं, हे मोजणारा कोड तिचा. पंधरा वर्षांत तिचा आकडा एकाने चुकला नव्हता. काम उरकलं की प्रत्येक प्रोसेसर एकाच सामाईक आकड्यात एक मिळवी. दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून तिने त्या आकड्याला कुलूप घातलं होतं.

जीन टेबल आवरू लागला. खणातून त्याने छोट्या वह्यांचा गठ्ठा काढून लॉर्नापुढे ठेवला. दर डिसेंबरात सॉव्ही बेटावर पक्षी मोजायला जाणारी मंडळी तोच जमवत असे.

"यंदा तू वाट. मी या गावात असेन की नाही, कोण जाणे."

"बारा वह्या?" वॉल्ट म्हणाला. "एकीत नाही मावत तुमची बदकं?"

"एका वहीपुढे बारा माणसं रांग लावतील, वॉल्ट. तोवर बदकं कॅलिफोर्नियात पोचतील. ज्याची त्याची वही बरी. बेरीज संध्याकाळी, जेवताना."

लॉर्नाचा हात गठ्ठ्यावर तसाच राहिला.

"वॉल्ट," ती म्हणाली, "जीनचं नाव देऊ नकोस. माझं दे."

"काय?"

"माझं मोजणंच यंत्राला अडवतंय. सगळे प्रोसेसर माझ्या कुलपापाशी ताटकळतात. आणि ते ताटकळणं मी मोजतच नाही."

तिने मोजणी बंद केली. ठरावीक कामं देऊन ती उरकायला लागलेला वेळ घड्याळावर बघितला. सेकंदाला आठशे ऐंशी.

"झालं तर! काढून टाक ती मोजणी."

"आणि टेलिफोनवाल्यांना आकडे कुठले दाखवशील? मनातले?"

ती लिहायला बसली. प्रत्येक प्रोसेसरला त्याचा त्याचा आकडा. कुलूप नाही, रांग नाही. कोणी विचारलं तरच बारांची बेरीज. वॉल्ट मागे उभा राहून दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होता. जीन एकेक ओळ वाचून मान हलवत होता. एक चाळीसला त्याने एक चूक दाखवली. एक पन्नासला ती सुधारली.

"बेरीज चालू असताना एखाददुसरं काम मोजायचं निसटेल," लॉर्ना म्हणाली.

"म्हणजे आकडा चुकीचा?" वॉल्टने विचारलं.

"जवळपासचा."

हा शब्द तिच्या तोंडून या खोलीत कोणी कधी ऐकला नव्हता.

तिने बटण दाबलं. आठशे सत्तर. बाहेर जिन्यावर बुटांचे आवाज आले.

टेलिफोनवाल्यांनी नऊ यंत्रं घेतली. वॉल्टने वर नाव दिलं, ते लॉर्नाचंच. वसंतात तिला हस्तपुस्तिका लिहिण्याच्या कामावर टाकलं. ती नोकरी सोडून कॉलेजात शिकवू लागली. कंपनी सहा वर्षांनी विकली गेली, आणि वॉल्ट आयडाहोत होड्या विकू लागला. जीन आणखी बावीस वर्षं पक्षी मोजून २००९ साली वारला.

लॉर्ना आता ब्याऐंशीची आहे. डिसेंबरात अजूनही बारा वह्या घेऊन बेटावर जाते. अकरा वाटते, बारावी, जीनची, खिशात ठेवते. संध्याकाळी गरम राजम्याच्या वाडग्यापुढे बेरीज करताना ती कोरी वही उघडते आणि शून्यही मोठ्याने वाचते.