थोडं थांबा

मशीनसमोर पुन्हा वाद लागला होता. एक गृहस्थ रिकामा कप नळाखाली धरून उभे होते आणि मशीन काही केल्या कोल्ड्रिंक सोडत नव्हतं. वर लाल दिवा, खाली छोट्या स्क्रीनवर अक्षरं: थोडं थांबा.

गल्ल्यावरच्या मावशींनी त्यांना समजावलं. कपाच्या बुडाशी चिप आहे, एकदा कप भरला की थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो, मग दिवा हिरवा होतो. गृहस्थ म्हणाले, फुकट म्हणून बोर्ड लावता आणि शिक्षा केल्यासारखं उभं करता. कप तिथेच ठेवून ते चालते झाले.

पूर्वी असं नव्हतं. एकदा कप घेतला की हवा तितक्या वेळा भरून घ्या, असा या रेस्टॉरंटचा खाक्या होता. पण लोक एका कपावर अख्खी दुपार काढू लागले, एका कपात सगळं घर पिऊ लागलं, तेव्हा मालकांनी हे मशीन आणलं. किती वेळाने पुन्हा द्यायचं ते ठरवायचं काम त्यांनी मॅनेजरकडे सोपवलं. मॅनेजर तिशीतली, मोजकं बोलणारी, कामाला चोख. पण हा वेळ तिने भलताच लांब लावला, असं मावशींचं मत होतं.

दुपारी, रेस्टॉरंट रिकामं असताना, दोन गिऱ्हाइकं मात्र न चुकता यायची. दोघंही एकटी, दोघंही साठी ओलांडलेली. दोघांच्या हातात ज्येष्ठांसाठीचं मोफत कोल्ड्रिंकचं कूपन. तसलं कूपन मावशींनी आणखी कुणाकडे पाहिलं नव्हतं. काका खिडकीजवळ बसत. बाई पार दुसऱ्या टोकाला, पाठ फिरवून.

पहिल्या दिवशी बाई आत आल्या, खिडकीकडे नजर गेली आणि तशाच परत दाराशी गेल्या. मग काय वाटलं कोण जाणे, ताठ मानेने वळल्या आणि कप घेतला. काकाही उठायच्या बेतात होते, ते पुन्हा खाली बसले.

ती दोघं यायच्या वेळेला मॅनेजर आतल्या खोलीत जाऊन कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसायची. मावशींना वाटायचं, ही फुकट्यांवर नजर ठेवतेय. जागा अडवू नका म्हणून सांगू का दोघांना, असं त्यांनी एकदा विचारलंही. मॅनेजर म्हणाली, बसू दे त्यांना.

मशीनला दोन नळ होते, शेजारी शेजारी. कप रिकामा झाला की काका एका नळाशी येऊन थांबायचे. थोड्या वेळाने बाई दुसऱ्यापाशी. सुरुवातीला अवाक्षर नाही. काका स्क्रीनवरची अक्षरं वाचत राहायचे, जणू त्यात काही नवीन उमटणार आहे. बाई पर्समध्ये काहीतरी शोधत राहायच्या.

एके दिवशी काकांचा दिवा हिरवा होईचना. कंटाळून ते निघणार, तेवढ्यात बाई मशीनकडेच बघत म्हणाल्या, “कप तिरका धरलाय तुम्ही.”

काकांनी कप सरळ केला. दिवा हिरवा झाला. त्या दिवशी एवढंच.

दुसऱ्या दिवशी काकांनी सरकून त्यांना जागा करून दिली. पुढे उकाड्याबद्दल बोलणं झालं. मग दोघांनी मिळून मशीनला नावं ठेवली. आणि एकदा काका संत्र्याच्या कोल्ड्रिंकचं बटण दाबणार, तर बाईंनी त्यांना अडवलं. “साखर आहे त्यात. साधा सोडा घ्या.” काकांनी मुकाट्याने सोडा घेतला.

मावशी हसू दाबत आत गेल्या आणि सगळं रंगवून सांगू लागल्या. ओळख ना पाळख आणि दटावतात कशा, म्हणाल्या. मॅनेजरने पडद्यावरची नजर हलवली नाही.

“अजून काय बोलले?” तिने विचारलं.

इकडे तक्रारी मालकांच्या कानावर गेल्या. मशीनवाला आला, त्याने सगळं तपासलं आणि सांगितलं की मशीन ठणठणीत आहे, थांबायचा वेळच कुणीतरी मुद्दाम वाढवलाय. मालकांनी मॅनेजरला बोलावलं. तिने काही लपवलं नाही, मीच वाढवला म्हणाली. मालकांचा पारा चढला. गिऱ्हाइकं पळवून लावायला ठेवलंय का तुला, त्यांनी विचारलं. हेच करायचं असेल तर दुसरी नोकरी बघ.

“हा आठवडा तेवढा राहू द्या,” ती म्हणाली. “मग तुम्ही म्हणाल तसं.”

इतक्या वर्षांत तिने कधी काही मागितलं नव्हतं. मालकांनी कपाळाला हात लावला आणि हो म्हणाले.

आठवडा संपला. मशीनवाला नेमका दुपारी आला. काका आणि बाई नळांपाशीच उभी होती. त्याने मशीनच्या मागे जाऊन काहीतरी केलं आणि दोन्ही दिवे एकदम हिरवे झाले.

कप भरले. आता थांबायला काही कारणच उरलं नाही. मावशी गल्ल्यावरून बघत होत्या. आतल्या खोलीत मॅनेजर खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. बाई आपल्या टोकाकडे चालू लागल्या.

“गुडघा कसा आहे?” काकांनी मागून विचारलं.

बाई थांबल्या, पण लगेच वळल्या नाहीत.

“जिना चढताना दुखतो,” त्या म्हणाल्या.

काकांनी पुढे होऊन त्यांच्या हातातला कप घेतला. दोन्ही कप खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले आणि समोरची खुर्ची ओढली. बाई बसल्या.

या वयात का होईना, दोघांचं जमलं म्हणायचं, हे सांगायला मावशी लगबगीने आत गेल्या. खोली रिकामी होती. मागचं दार उघडं होतं आणि बाहेर एका रिकाम्या क्रेटवर मॅनेजर बसली होती. एका हाताने डोळे पुसत होती, दुसऱ्या हातात फोन होता.

“दादा,” ती म्हणत होती, “बाबांनी आईला खुर्ची ओढून दिली.”