धावत्या बसमधून दिसेल असं नाव

"हे अक्षर उपाशी दिसते," इंदूबाई म्हणाल्या.

भैरवीनं आपल्या फ्लेक्स-बोर्डाच्या दुकानातल्या स्क्रीनवरचं बारीक, नाजूक अक्षर पुसलं. सकाळपासून हेच चाललं होतं. हिंगण्याच्या रस्त्यावर इंदूबाईंची चहाची टपरी होती. नवरा गेल्यापासून बंद. उद्या पुन्हा उघडायची, तीही बोर्ड लावून. कामगारांना नेणाऱ्या कंपनीच्या धावत्या बसमधून बोर्ड वाचता आला पाहिजे, एवढीच त्यांची अट. पण एकही अक्षर बाईंच्या पसंतीस उतरत नव्हतं.

भैरवीनं मग ठोकळ्यासारखं अक्षर लावलं. अंगानं भरलेलं, कान्याच्या पायाशी जाड चौकोनी पट्टी, पाटावर मांडी घालून बसल्यासारखं. इंदूबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"हे खात्यापित्या घरचं आहे. हेच ठेव."

"मग मोठ्यानं वाचून दाखवा काकू. प्रिंटला टाकते."

हा तिच्या दुकानाचा नियम होता. मागे एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटो एका भाऊंचा आणि नाव दुसऱ्याच भाऊंचं गेलं. दोन्ही भाऊ आपापली माणसं घेऊन दुकानात येऊन बसले. तेव्हापासून गिऱ्हाइकानं तोंडानं वाचल्याशिवाय ती मशीन सुरू करत नसे.

इंदूबाईंनी घसा साफ केला. "चहा-नाश्ता."

"त्याच्या वरचं?"

"बरोबर आहे ते."

"वाचा ना मग."

"तूच वाच वं."

"काहून? दिसून नाही राहिलं का?"

"दिसते ना. एवढं मोठं केलं तू." इंदूबाईंनी पदर सारखा केला. "साहिलच्या बाबांचं नाव आहे ते. मी कधी घेतलं नाही."

बोर्डासाठी नाव विचारलं तेव्हा बाईंनी नुसतं नवऱ्याचं आधार कार्ड पुढे सरकवलं होतं, ते भैरवीला आता आठवलं.

"लग्नात उखाणा घ्याले लावला, तं रडून सुटली. दवाखान्यात सिस्टरनं पेशंटचं नाव विचारलं, तं साहिलले पुढं केलं. नाव घेतलं का नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हणत आमच्याकडे. हे हसत. म्हणत, घेऊन तं पाह्य एकदा, मी काही झिजून नाही जात."

नियम राहू द्या, मीच वाचते म्हणावं, असं भैरवीच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"आता काय कमी व्हायचं राहिलं," इंदूबाई म्हणाल्या आणि उठल्या. पदर डोक्यावर घेतला. स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"रुपराव," त्यांनी वाचलं.

आवाज इतका बारीक, की बाजूच्या पंख्याच्या आवाजातही हरवला असता. पण भैरवीला ऐकू आलं. तिनं माउसवर हात ठेवला.

"टाकू का प्रिंटला?"

"थांब," इंदूबाई म्हणाल्या. "अजून एकदा वाचू दे."